रोल धुवायला टाकला होता

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या जूचंद्रला लोक रांगोळीचे गाव म्हणतात. पश्चिम रेल्वेच्या नायगाव स्टेशनात उतरून पूर्वेकडे यायचे. वसई-दिवा मार्गावर तर गावाच्या नावाचे स्टेशनच आहे. टेकडीवर चंडिकादेवीचे देऊळ, खाली पूर्वापार आगरी वस्ती, एके काळी भाताची शेते आणि मिठागरे. आता इमारती उभ्या राहिल्या, महापालिका आली. पण दिवाळीत रांगोळ्यांची प्रदर्शने भरतात ती आजही. ठिपक्यांची रांगोळी नव्हे, माणसांचे हुबेहूब चेहरे. लांबून पाहणाऱ्याला तो फोटोच वाटतो.

रांगोळीचे आयुष्य चार-आठ दिवसांचे. प्रदर्शन संपले की केरसुणी फिरते. मागे उरतो तो फक्त तिचा फोटो. गेल्या दिवाळीत माझ्या नातवाने विचारले, "आजोबा, मोठे आजोबा रांगोळी काढायचे ना? मग दाखवा की एक." माझा थोरला भाऊ १९८०-९०च्या काळात रांगोळी काढी. आता तो नाही. कपाटातून अल्बम काढला तर त्याच्या रांगोळीचा एकच फोटो निघाला, आणि तोही असा विटलेला की चेहरा आहे एवढेच कळत होते. मी म्हटले, फोटो विटला तर विटला, निगेटिव्ह असेल. ज्या स्टुडिओत रोल धुवायला टाकत होतो, तिथे विचारून येऊ.

त्या निगेटिव्हच्या शोधात मला जे कळले, ते आज सांगणार आहे. गोष्ट आमच्या घरची आहे, पण तुमच्याही घरात ती घडलेली असणार.

आधी थोडे मागे जाऊ. फोटोग्राफीची कृती पॅरिसमध्ये १८३९ साली जाहीर झाली आणि पुढच्याच वर्षी ती कलकत्त्यापर्यंत पोचली. मुंबईत १८५४ साली 'बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी' स्थापन झाली. तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखी आपली माणसे होती. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर स्वतः उत्तम छायाचित्रकार होते. म्हणजे मुंबई-ठाण्याकडच्या मंडळींना ही विद्या अगदी सुरुवातीपासून ठाऊक होती. पण तेव्हा जो फोटो काढील त्यानेच तो धुवायचा, अशी रीत होती. काच तयार करायची, रसायने कालवायची, अंधारात बसायचे. पैसा, वेळ आणि चिकाटी ज्याच्याकडे, त्याचाच हा नाद.

या संदर्भात एका बाईंचे नाव घ्यायला हवे. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला, हे आपण शाळेत शिकतो. पण त्या चित्रपटाची फिल्म दादरच्या राहत्या घरी धुतली जात होती आणि त्या कामात सरस्वतीबाई फाळक्यांचा मोठा वाटा होता. रसायने तयार करणे, अंधारात फिल्म हाताळणे हे सगळे त्या शिकल्या. बाहेर कलाकारांसाठी स्वयंपाक आणि आत फिल्म धुणे, अशी दोन्ही कामे त्यांनी केली.

हे चित्र बदलले ते अमेरिकेतल्या जॉर्ज ईस्टमनमुळे. त्याने १८८८ साली कोडॅक कॅमेरा विकायला काढला. त्यात शंभर फोटोंचा रोल आधीच भरलेला असे. रोल संपला की अख्खा कॅमेराच कंपनीकडे पाठवायचा. कंपनी फोटो धुऊन, नवा रोल भरून कॅमेरा परत पाठवी. फोटो काढणारा एक आणि धुणारा दुसरा, अशी विभागणी त्या दिवसापासून सुरू झाली. आपल्या नाक्यावरचे फोटोचे दुकान जन्माला आले ते या विभागणीतून, आणि शंभर-सव्वाशे वर्षांनी ते बंद पडले तेही ही विभागणी संपल्यामुळे.

आपल्याकडे सामान्य घरात कॅमेरा पोचायला बराच काळ लागला. माझ्या पिढीला आठवतो तो आग्फाचा क्लिक थ्री. काळा, चौकोनी, हातात डब्यासारखा धरायचा. एका रोलवर बारा चौकोनी फोटो. ढगाळ आणि ऊन अशी दोन चित्रे, ती पाहून सरकवायची खूण. बाकी काही कळण्याची गरज नव्हती. उटीला सरकारी मालकीचा 'हिंदुस्तान फोटो फिल्म्स' हा कारखाना १९६० साली स्थापन झाला आणि १९६७ पासून तिथे 'इंदू' नावाची देशी फिल्म तयार होऊ लागली. तेव्हा परदेशी फिल्म महाग आणि दुर्मीळ. इंदूच्या रोलवर या देशातली किती लग्ने, किती बारशी, किती शाळांचे वर्ग नोंदले गेले असतील, त्याला गणती नाही.

आमच्या बाजूचा स्टुडिओ म्हणजे दहा बाय बाराची खोली. मागे रंगवलेला पडदा, त्यावर बाग आणि कारंजे. दोन मोठे दिवे, एक लाकडी खुर्ची, भिंतीला आरसा आणि त्याखाली कंगवा व पावडरचा डबा. मीठ काढून काळवंडलेली माणसे त्या आरशात पाहून पावडर लावीत आणि खुर्चीच्या टोकावर बसत. स्टुडिओवाले काका सांगत, "मावशी, हनुवटी जरा खाली. हसू नका, पण रागावूही नका."

मला त्या खोलीपेक्षा आतल्या अंधाऱ्या खोलीचे आकर्षण होते. काका मला कधी कधी आत घेत. फिल्म धुताना पूर्ण काळोख लागे. हाताच्या बोटांनीच सगळे करायचे. फोटोचा कागद मात्र लाल दिव्यात चाले. एन्लार्जरखाली कागदावर प्रकाश टाकला तरी कागद कोराच दिसे. मग तो डेव्हलपरच्या ट्रेमध्ये बुडवायचा. पाव मिनिट काही नाही, आणि मग हळूहळू आधी केस, मग डोळे, मग मिशा उमटत. त्यानंतर साधे पाणी, मग हायपो. हायपोतून काढल्यावर कागद पुष्कळ पाण्यात धुवावा लागे. पाण्याचे हाल असलेल्या भागात हे सोपे नव्हते. घाईत कागद नीट धुतला गेला नाही की हायपो आतच राहतो आणि वर्षानुवर्षांनी फोटो पिवळा पडतो. तुमच्या घरच्या जुन्या फोटोवर पिवळे डाग असतील तर त्यामागे हेही एक कारण असू शकते.

भाऊ रांगोळीसाठी याच काकांकडे जाई. चेहऱ्याची रांगोळी काढायची तर समोर मूळ फोटो मोठा करून ठेवावा लागतो. त्यावर चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी जमिनीवर, आणि मग चिमटीतून रंग सोडत जायचे. भाऊ सांगे, "काका, सावली काळीठिक्कर नको. डोळ्याखालचे दिसले पाहिजे." काका तसा कागद निवडत आणि प्रकाश टाकताना डोळ्याखालच्या तेवढ्या भागावर हाताने सावली धरत. त्याबद्दल ते वेगळे पैसे घेत नसत. रांगोळी पूर्ण झाली की तेच काका कॅमेरा घेऊन येत आणि स्टुलावर उभे राहून तिचा फोटो काढत.

पुढे रंगीत फोटो आले. रंगीत फिल्म धुण्याची जी पद्धत जगभर रूढ झाली ती १९७२ साली आली. तिच्यात डेव्हलपरचे तापमान ३७.८ अंश सेल्सिअस हवे आणि मूळ कृतीप्रमाणे वेळ सव्वातीन मिनिटे. तापमान थोडे चुकले तरी रंग बिघडतो. हे काम लाल दिव्याच्या खोलीत ट्रे मांडून होणारे नव्हते. त्यासाठी यंत्रे आली. जपानच्या नोरित्सु कंपनीने १९७०च्या दशकात छोट्या दुकानात मावणारी यंत्रे बाजारात आणली आणि 'एका तासात फोटो' अशा पाट्या जगभर लागल्या. आपल्याकडच्या शहरांतही कोडॅक, फुजी, कोनिकाच्या पिवळ्या, हिरव्या, निळ्या पाट्यांच्या कलर लॅब दिसू लागल्या.

खेड्यातल्या स्टुडिओला हे यंत्र घेणे परवडणारे नव्हते. मग एक साखळी तयार झाली. गावातला स्टुडिओवाला रोल गोळा करी, त्यावर नावाची चिठ्ठी लावी आणि संध्याकाळी पिशवी घेऊन शहरातल्या लॅबमध्ये जाई. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाकिटे घेऊन परत. त्याला मिळत असे ते मधले कमिशन. काकांची डार्करूम अशा रीतीने आधीच अर्धी बंद झाली होती. ते म्हणाले, "मी तेव्हाच हमाल झालो. पण पैसे जास्त मिळत होते, म्हणून कळले नाही."

आणि पैसे खरोखरच मिळत होते. १९८०च्या दशकात हॉट शॉट कॅमेरा आला, १९९०च्या दशकात कोडॅकचा केबी-१०. छत्तीस फोटोंचा रोल घरोघरी जाऊ लागला. १९९३ साली मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी मतदारांच्या फोटो ओळखपत्रांचा आग्रह धरला. आमच्या आळीतल्या दोन-तीन म्हाताऱ्या बायकांचा आयुष्यातला पहिला फोटो तो ओळखपत्राचा. लग्नसराईत काकांना जेवायला सवड नसे. याच काळात दुसरीकडे उटीचा कारखाना मात्र खंगत होता. १९९१ नंतर बाजार खुला झाला, परदेशी माल आला, आणि १९९०च्या दशकाच्या मध्याला तो आजारी उद्योग ठरला. पुढे तो कायमचा बंद झाला. दुकानदारांना त्याची झळ लागली नाही. फिल्म कुणाची का असेना, धुवायला त्यांच्याकडेच येत होती.

मग हे दुकान बुडाले कसे? आपण म्हणतो, डिजिटल कॅमेरा आला. ते खरे आहे, पण पुरते खरे नाही. डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना खुद्द कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने १९७५ साली तयार केला होता. एक कृष्णधवल फोटो कॅसेटवर नोंदायला त्याला २३ सेकंद लागत. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे फिल्म जोरात चालली. म्हणजे शोध लागला आणि दुकान बंद पडले, असे झाले नाही.

दुकानावर घाव दोन पडले. पहिला फिल्मवर. साधारण २००० नंतर लग्नाचे फोटो काढणारे डिजिटलकडे वळले. आता कलर लॅबचे गणित असे असते की यंत्रातली रसायने सतत वापरात राहावी लागतात. रोल येत राहिले की ताजे रसायन थोडे थोडे भरले जाते आणि टाकी निरोगी राहते. रोल कमी झाले की तेच रसायन पडून हवेने खराब होते, फोटोंचे रंग बिघडतात. रंग बिघडले की उरलेली गिऱ्हाइकेही जातात. दिवसाला पाच रोल येत असतील तर पाच रोलांपुरती लॅब चालवता येत नाही. म्हणून हा धंदा हळूहळू ओसरला नाही, एका पातळीखाली गेल्यावर एकदम बसला. शहरातल्या लॅबने रोल घेणे बंद केले त्या दिवशी गावातल्या स्टुडिओची पिशवीही बंद झाली.

तरी काही वर्षे कागद टिकला. लोक कॅमेऱ्याचे कार्ड घेऊन येत आणि फोटो छापून नेत. लॅबवाल्यांनी कर्ज काढून डिजिटल छपाईची यंत्रे घेतली. त्यांना वाटले, वाचलो. मग दुसरा घाव पडला. फोनमध्ये कॅमेरा आला, फोनवरच फोटो पाहता येऊ लागला, फोनवरूनच तो पाठवता येऊ लागला. छापण्याचे कारणच राहिले नाही. पहिला घाव सोसून ज्यांनी कर्ज काढले होते, त्यांचे दुसऱ्या घावात जास्त नुकसान झाले.

मोठ्यांचेही तेच झाले. कोनिका मिनोल्टाने २००६ साली फोटोचा धंदा सोडला. कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. कोडॅकची कोडाक्रोम ही प्रसिद्ध फिल्म धुण्याचे काम जगातल्या शेवटच्या प्रयोगशाळेत डिसेंबर २०१० मध्ये थांबले. या फिल्मचा कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल छायाचित्रकार स्टीव्ह मॅक्करी यांना मिळाला होता, आणि त्यातले काही फोटो त्यांनी आपल्या मुंबईत काढले. कलकत्त्याचा दीडशे वर्षांचा 'बोर्न अँड शेफर्ड' स्टुडिओ २०१६ साली बंद झाला.

आता काकांकडे येतो. त्यांच्या जागेत आज मोबाइलचे दुकान आहे. ते स्वतः थकले आहेत, पण स्मरणशक्ती शाबूत. मी निगेटिव्हचे विचारले तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "कृष्णधवल सगळी भंगारवाल्याला गेली. किलोवर."

मला कारण कळेना. त्यांनी समजावले. कृष्णधवल निगेटिव्हमध्ये जो काळा भाग दिसतो ती चांदी असते. हायपोच्या जुन्या पाण्यातही चांदी उतरलेली असते. ती काढणारे लोक डबे भरून हायपो आणि पोती भरून निगेटिव्ह घेऊन जात. रंगीत निगेटिव्हमध्ये मात्र धुतल्यावर चांदी राहत नाही, फक्त रंग राहतो, म्हणून ती कुणी घेत नसे. ती काकांनी खोक्यांत भरून ठेवली होती. जुलै २०१८ मध्ये वसईत पाणी भरले, तुम्हाला आठवत असेल. चार दिवस खोकी पाण्यात होती. पट्ट्या एकमेकींना चिकटून त्यांचे ठोकळे झाले.

मी काहीच बोललो नाही. दोष कुणाला देणार? आम्ही फोटो घेतले, निगेटिव्ह तिथेच ठेवली. "राहू दे काका, लागली तर येऊ," असे आम्हीच म्हणालो होतो. तीस-चाळीस वर्षांची अख्ख्या पंचक्रोशीची लग्ने, बारसी, जत्रा, रांगोळ्या एका माणसाच्या माळ्यावर होत्या. त्याने कधी भाडे मागितले नाही. ते दुकान म्हणजे आमच्या गावाचे दप्तर होते, हे त्यालाही ठाऊक नव्हते आणि आम्हालाही.

मी त्या काळाचे गोडवे गाणार नाही. फोटो महाग होता. अनेक घरांत माणसाचा पहिला फोटो तो गेल्यावर काढला जाई, दहाव्याला हार घालायला म्हणून. लग्नाच्या छत्तीस फोटोंत नवरा-नवरी, व्याही आणि पुढारी असत. हळदीला रात्रभर धवले गाणारी धवलारीण क्वचितच दिसे, कारण तिच्यासाठी एक फोटो खर्च करायला कुणी तयार नसे. आज माझी सून आपल्या आजीचे पन्नास फोटो एका दुपारी काढते. त्यात आजी हसतेसुद्धा. हे झाले ते चांगलेच झाले.

पण त्या पन्नासांतले एकही कागदावर नाही. फोन बिघडला की ते गेले. काकांच्या माळ्यावर निदान वीस-तीस वर्षे तरी टिकले असते.

निघताना काकांनी एक बिस्किटाचा डबा दिला. वरच्या फळीवर होता म्हणून तो पुरातून वाचला. त्यात रंगीत निगेटिव्हच्या अकरा पट्ट्या. नातवाने त्या घरी आणून फोनच्या पांढऱ्या पडद्यावर एकेक ठेवल्या, दुसऱ्या फोनने टिपल्या आणि रंग उलटे केले. दोन मिनिटांत शाळेच्या वर्गातली एक रांगोळी समोर आली. कडेला बूट-चपला काढून उभी असलेली माणसे. रांगोळी सुंदर होती, पण भावाची नव्हती. मग कुणाची? मी गावातल्या तिघा जाणत्यांना दाखवली. तिघांनी तीन नावे सांगितली. उभ्या असलेल्या माणसांपैकी दोघांना कुणी ओळखेना.

म्हणून माझे एवढेच सांगणे आहे. घरात निगेटिव्ह असतील तर ती प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढा. दमट हवेत तिथे बुरशी धरते. कागदाच्या पाकिटात, कोरड्या जागी, जमिनीपासून उंच ठेवा. पट्टी कडेला धरा, मधे बोट लावू नका. जवळपास जुना स्टुडिओ असेल तर त्या काकांना एकदा भेटा, माळा पाहू द्या म्हणा. आणि फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नावे लिहा. नावे सांगणारी माणसे आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे.

त्या अकरा पट्ट्यांतल्या आठ अजून पाहायच्या आहेत. नातवाची परीक्षा संपली की बसू.